शुक्रवार कुणाचा?

"आज तुमचा जीन्सचा वार ना, मॅडम? आमचा कुठला?"

गेटवरच्या वॉचमन काकांनी बॅग तपासता तपासता सहज विचारलं. अंगात जाड निळा युनिफॉर्म, गळ्यात इलॅस्टिकचा टाय, पाठीवर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग. मला काही उत्तरच सुचलं नाही.

दिवसभर तेच डोक्यात. हा 'कॅज्युअल फ्रायडे', म्हणजे शुक्रवारी ऑफिसात जीन्ससारखे साधे कपडे घालायची मुभा, मूळचा अमेरिकेतल्या हवाई बेटांवरचा. तिथल्या दमट हवेत कोट-टाय नकोसा व्हायचा. १९६२ मध्ये तिथल्या कपडे व्यावसायिकांच्या संघटनेने प्रत्येक आमदाराला दोन-दोन अलोहा शर्ट (तिथले सैलसर, रंगीबेरंगी नक्षीचे शर्ट) दिले (धंदा वाढावा हा हेतू होताच). १९६६ च्या सुमारास शुक्रवारी ऑफिसात हे शर्ट घालायचा 'अलोहा फ्रायडे' रुळला. पुढे १९९२ मध्ये जीन्सवाल्या लिव्हाय्स कंपनीने ऑफिसात सैलसर काय घालावं याची पुस्तिका अमेरिकेतल्या सुमारे २५,००० एचआर मॅनेजरांना धाडली, आणि ही पद्धत झपाट्याने पसरली.

म्हणजे सगळं सुरू झालं ते उकाड्यापायी. आम्ही तर एसीत बसतो. उन्हात काका उभे असतात!

एचआरला मेल टाकलाय: उन्हाळाभर तरी टाय काढा, सुती शर्ट द्या. तुमच्याकडे गेटवरच्यांना अशी मुभा आहे का? असेल तर ती कशी मिळवली, नक्की सांगा.