सायलेन्सरची गळती शोधून काढली – माझा अनुभव

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक टिक टिक आवाज यायचा, रेस दिली की वाढायचा आणि इंजिन गरम झालं की गायब. ज्याला विचारावं तो म्हणायचा टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट करून घे. मला काही ते पटेना, कारण चढावर इंजिनवर लोड आला की तोच आवाज फट फट असा मोठा व्हायचा आणि टॅपेटला लोडशी एवढं देणंघेणं नसतं. थंड असताना आवाज आणि तापल्यावर बंद, म्हणजे लोखंड प्रसरण पावून कुठलीतरी फट बुजतेय, हा संशय तिथूनच आला.

त्यात ॲव्हरेज पडलेलं आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर लावला तर कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या, होज आधी बघून घेतल्या, त्या ठणठणीत होत्या. आता गंमत बघा, एक्झॉस्टचा गॅस सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातलं प्रेशर क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतं, तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला असेल तर सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उगाच पेट्रोल वाढवत बसतो. मला सेन्सर बदलायचा सल्ला पण मिळाला होता, नाही ऐकला. बिचारा सेन्सर त्याला जे दिसतंय तेच सांगत होता.

गाडी उभी असताना आत धुराचा वास पण यायचा, ही गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, वास येतो तो बाकीच्या गॅसचा, त्यामुळे आज वास कमी आहे म्हणजे ठीक आहे असं धरून चालत नाही. काम होईपर्यंत गरजेपुरतीच गाडी काढली, ती पण काचा खाली करून, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही म्हणजे नाही.

शोधायचं काम इंजिन पूर्ण गार असताना केलं. गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्यांना मी हात जोडतो), व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप फुंकायच्या बाजूला लावून सायलेन्सरच्या तोंडात बसवला, भोवती फडकं गुंडाळलं आणि धाकट्या भावाच्या हातात साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली दिली. तो मागून सुरू झाला आणि दोन मिनिटांत ओरडला, "दादा, सापडलं!" बघतो तर सायलेन्सरच्या डब्याखालच्या बारीक भोकातून फेस. अरे बाबा, ते भोक कंपनीनेच दिलेलं असतं, आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून. खरे बुडबुडे आले पुढे, मॅनिफोल्ड (इंजिनला लागून असलेला, सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा भाग) आणि खालचा पाइप जिथे जोडतात त्या फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चपट्या कडेवर. टॉर्च मारला तर तिथे काळी काजळी पसरलेली आणि एका स्टडचा (डोकं नसलेल्या बोल्टचा) नट अर्धा गंजून गेलेला.

सगळ्यात वेळ खाल्ला तो नट खोलण्यात. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी परत मारलं, पाना लावून आधी थोडं आवळायचं मग थोडं सोडायचं असं करत दोन नट निघाले पण गंजलेल्याचा स्टडच तुटला. वेल्डरला बोलावलं, बॅटरीची वायर काढून ठेवली, त्याने उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड केला आणि त्या उष्णतेनेच तो इतका सैल झाला की पान्याने सहज फिरला. ड्रिल मारायच्या आधी हे करून बघा.

मग दोन्ही फ्लँज वायर ब्रशने घासून काढले, स्टीलची पट्टी आडवी लावून वाकलेत का बघितलं, सरळ होते. दोन फ्लँजमधलं पॅकिंग नवंच टाकायचं, जुनं एकदा दबलं की परत सील होत नाही, आणि नट पण नवे. एकच नट पूर्ण आवळून मोकळं व्हायचं नाही, सगळे आळीपाळीने थोडे थोडे. ते पुट्टी आणि पट्टी गुंडाळायचे प्रकार लांबच्या पाइपावर तात्पुरते चालतात, मॅनिफोल्डजवळच्या उष्णतेत मला त्यांचा भरवसा वाटत नाही. शेवटी परत साबणाचं पाणी, एक पण बुडबुडा नाही. दोन-चार वेळा गाडी तापून गार झाल्यावर नट पुन्हा तपासले, एक किंचित आवळावा लागला.

कोड पुसला तो परत आला नाही, वास गेला, ॲव्हरेज हळूहळू जागेवर आलं. आता खडखड येतेय ती हीट शील्डची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याची, तिचा क्लॅम्प गंजलाय, तो मागवलाय.