आठवडे बाजार नोंदवही: साडेदहाचा सेल मोडला (बहुतेक)

गेल्या नोंदीत मी वैतागून लिहिलं होतं की बाजारात साडेदहाच्या सुमारास भाव पाडणं थांबवणं आता माझ्याच्यानं होत नाही. या रविवारी मात्र कोथरूडच्या बाजारातून घरी येताना रिक्षात एकटीच हसत होते.

नवीन कुणी वाचत असेल तर एका ओळीत सांगते: पुरंदरच्या सहा घरांना शेतकरी आठवडे बाजारात नीट विकायला शिकवायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा छंद. भाजीपाला २०१६ मध्ये नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीतूनच विकायची सक्ती गेली, त्यामुळे थेट विकायला आडकाठी कुणाचीच नाही. अडतं ते डोक्यातल्या हिशोबात. यांचा जन्म गेला मार्केट यार्डाच्या भाषेत, म्हणजे घेवडा दहा किलोच्या भावानं आणि कोथिंबीर शेकड्यानं. समोरची बाई विचारते, "पाव कसा दिला?" ते भाषांतर जमायला दोन महिने गेले. आता पाटीवर फक्त पावाचाच भाव लिहितो. तो विषय संपला.

न संपलेला विषय म्हणजे साडेदहाचा सेल. सव्वादहा वाजले की घेवड्याच्या मावशींचा धीर सुटतो. पाटीवर वीस रुपये पाव, तोंडानं "घ्या, दहाला पाव!" मी डोळे वटारले की म्हणतात, "ताई, परत न्यायचा का टेम्पोतनं? त्यापरीस देऊन टाकलेला बरा." एकीनं पाडला की रांगेतले सगळे पाडतात. आणि गिऱ्हाईक काय दूधखुळं आहे? नेहमीच्या बायका आता यायलाच लागल्या पावणेअकराला.

एका रविवारचा हिशोब मी मावशींसमोर बसून मांडला. माल २२ किलो. साडेदहापर्यंत ९ किलो गेला, त्याचे ७२०. उरलेला १३ किलो अर्ध्या भावात, ५२०. एकूण १२४०, टेम्पोच्या वाट्याचे २५० वजा, हातात ९९०. त्या दिवशी यार्डात दहा किलोला ४०० भाव होता. भाडं-हमाली कापून पट्टी, म्हणजे हातात येणारी रक्कम, साडेसातशेची तरी पडली असती. म्हणजे पहाटे तीनला उठून, दिवसभर उभं राहून वरचे २४०. मावशी आकडे बघत राहिल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा "दहाला पाव".

उपाय क्रमांक एक: सगळ्यांनी शपथ घ्यायची, भाव पाडायचा नाही. २५ मिनिटं टिकली. उपाय दोन: माल कमी आणायचा. साडेनवालाच क्रेट रिकामे, गिऱ्हाईक परत, आणि मावशी आठवडाभर माझ्याशी अबोला धरून.

या वेळी डोक्यात आलं की भाव पडतो कारण घेवड्याची घेवड्याशी तुलना होते. मग तुलनाच करता येऊ नये. दहा वाजता सहाही घरांचा उरलेला माल एका गोणपाटावर घेतला आणि वाटे लावले. घेवडा दोन मुठी, टोमॅटो तीन, चार मिरच्या, आल्याचा तुकडा, कोथिंबिरीच्या काड्या. तीस रुपये वाटा. पाटीच्या भावानं जोडलं तरी साधारण तेवढेच होतात, पण पावाचा भाव कुणी विचारेना! ११ वाटे ४० मिनिटांत गेले. एक आजोबा तर म्हणाले, "बरं झालं, उद्याची भाजी काय हा प्रश्न मिटला." पैसे कुणाचे किती हा घोळ आहेच. सध्या प्रत्येक घरानं टाकलेल्या मालाची वहीत नोंद, आणि वाटणी टेम्पोत.

जाता जाता काट्याबद्दल. नवा इलेक्ट्रॉनिक काटा वाऱ्यात दहा-दहा ग्रॅम नाचतो, तीन बाजूंनी पुठ्ठा लावा. आणि दुकानदार "शिक्का मारूनच देतो" म्हणाला तरी स्वतः बघून घ्या. आमच्यावर नव्हता. वैधमापनची, म्हणजे वजन-काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याची, पडताळणी दरवर्षी लागते, शिक्का त्याचाच, उगाच दंडाला निमंत्रण नको. स्पीकरवाल्या क्यूआरबद्दल मात्र माझं मत बदललं. मावशींना वाचता येत नाही, पण डबा "साठ रुपये मिळाले" बोलला की त्यांचा चेहरा बघावा.

पुढच्या रविवारी वाटे आठपासूनच लावायचे, असं लिहिणार होते. पण लिहिता लिहिताच सुचलं, ऋषिपंचमी तीन आठवड्यांवर आलीये! ऋषीच्या भाजीला अळू, लाल माठ, पडवळ, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस असं सगळं थोडं थोडं लागतं, आणि शहरात एवढ्या सगळ्यासाठी चार दुकानं पालथी घालावी लागतात. हा तर आयता वाटा! पालेभाजी टिकणार नाही, म्हणून मागणी आधीच्या रविवारी नोंदवायची आणि माल हरतालिकेच्या संध्याकाळी आणायचा. आडवारचा टेम्पो परवडायला चाळीस तरी वाटे हवेत. आठपासूनच्या वाट्यांचं मग बघू.

लगेच मावशींना फोन लावला. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत. "बैल दोन वर्साखालीच इकला. टॅक्टरचं चालतंय का?" मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "चालत असेल बाई, पण मला परसातलंच आण."

मावशींच्या परसात अळू आहे, माठ आहे, पडवळाचा वेल छपरावर चढलाय. सुरण सहापैकी एकाही घरी नाही. तुमच्यापैकी कुणाच्या गटात असेल तर आजच कळवा, दहा किलो तरी लागेल.