अंदमानला जाताना पाण्यातले काहीही कोल्हापुरात विकत घेऊ नका

अंदमानच्या सहलीचे पैसे कोल्हापुरात भरताना विमान, बोट, मुक्काम आणि गाडी एवढेच ठरवावे आणि स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे) व स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे) पॅकेजमधून काढून टाकायला सांगावे. हे मी सर्वांत आधी लिहितो, कारण आमच्या प्रवासातला सगळा मनस्ताप या दोन शब्दांपायी झाला. शहरातल्या ज्या टूर कार्यालयात आम्ही पैसे भरले, तेथील पत्रकावर ‘स्कूबा व कोरल दर्शन समाविष्ट’ असे ठळक छापले होते आणि शेजारी समुद्रात पोहणाऱ्या हत्तीचे छायाचित्र होते. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरचा तो प्रसिद्ध हत्ती, राजन, २०१६ मध्येच मरण पावला आहे. तो दिसणार म्हणून घरातली मुले महिनाभर आनंदात होती. तेथे गेल्यावर बोटवाल्याकडून त्यांना खरी गोष्ट कळली.

हॅवलॉकचे अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. तेथील जेट्टीवरून बोटीने एलिफंट बीचला नेतात. पॅकेजमधले ‘मोफत स्नॉर्कलिंग’ म्हणजे रबरी रिंग धरून पालथे तरंगायचे आणि एका पोराने ती रिंग ओढत किनाऱ्यालगत एक चक्कर मारून आणायची; पाच-सात मिनिटांत सगळे आटोपते. जिवंत प्रवाळापर्यंत, म्हणजे पत्रकातल्या ‘कोरल’पर्यंत, जायचे असेल तर त्याचे पैसे वेगळे, फोटोंचे वेगळे आणि व्हिडिओचे त्याहून वेगळे. दर विचारावा तर दोन माणसे दोन आकडे सांगतात आणि परतीच्या बोटीची वेळ जवळ आली की तोच आकडा निम्म्यावर येतो. आमच्या आत्यांनी ‘लांबच्या फेरी’चे पूर्ण पैसे मोजले, तरी मागे रांग वाढली म्हणून त्यांना अर्ध्यातून परत आणले आणि पैशांचा विषय काढताच तो माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बरे, एवढे करून पाहायला काय मिळाले? उथळ पाण्यातले बरेचसे प्रवाळ मेलेले आणि राखाडी झालेले आहेत. २००४ च्या त्सुनामीने अंदमानच्या प्रवाळाची हानी केली होतीच. पुढे २०१० मध्ये पाणी तापल्याने मोठे विरंजन झाले. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उष्णता टिकून राहिली तर उपाशी मरतो. जो थोडा वाचला आहे, त्याच्यावर पर्यटक पाय ठेवून उभे राहतात. माझ्यासमोर एक गृहस्थ घुमटासारख्या जिवंत प्रवाळावर बूट घालून उभे राहिले, गाइडने त्यांचा फोटो काढला आणि ते उतरले तेव्हा पायाखालचा थर खरवडून निघाला होता. एलिफंट बीच सरळ वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, वंडूरला जावे आणि तेथून बोटीने जॉली बॉय बेट गाठावे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात हे बेट येते. ते आणि रेड स्किन हे बेट हंगामानुसार आलटूनपालटून खुले ठेवतात, म्हणून कोणते चालू आहे ते आधी विचारावे. वन विभागाची परवानगी लागते आणि प्लास्टिक नेऊ देत नाहीत. हा जाच वाटतो, पण त्यामुळेच तेथे अजून पाहण्यासारखे काही उरले आहे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तेव्हा होणारा कुरकुर आवाज पाण्यात डोके घातल्यावर मला तेथे स्वच्छ ऐकू आला, आणि माझी सावली पडताच एका मोठ्या शिंपल्याने आपले जांभळे ओठ हळूहळू मिटून घेतले.

आता स्कूबाविषयी. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डुबकी मारून आलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांना हे सगळे ठाऊक असल्यासारखे वाटते. पॅकेजमधली डुबकी तेवढीच उथळ आणि त्याहून घाईची निघाली, म्हणून ती सोडून आम्ही हॅवलॉकमध्ये दोन-तीन केंद्रांवर स्वतः जाऊन चौकशी केली. एका प्रशिक्षकाबरोबर किती जण उतरतात, सराव सोडून पाण्याखाली किती मिनिटे मिळतात, बोटीने नेणार की किनाऱ्यावरूनच उतरवणार आणि आरोग्याचा अर्ज भरून घेतात की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल कोणी विचारत नसेल तर तेथून उठावे. नवख्याला बारा मीटरपेक्षा खाली नेत नाहीत आणि दहा वर्षांखालील मुलांना ही डुबकी मिळत नाही.

पंचगंगेत किंवा विहिरीत सूर मारत मोठे झालेल्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपल्याला छाती भरून श्वास कोंडून धरायची सवय असते आणि टाकी पाठीवर असताना तीच सवय जिवावर बेतू शकते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणून तेथे भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते आणि कोंडून धरली तर फुप्फुस फाटते. माझा भाचा पट्टीचा पोहणारा आहे, आणि प्रशिक्षकाने सर्वांत जास्त वेळा त्यालाच श्वास सोडायची खूण केली. कानांचेही तसेच आहे. पहिल्या तीन-चार मीटरमध्येच ते अधिक दुखतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी, जमले नाही तर थोडे वर यावे, आणि दुखणे सोसण्यात मर्दुमकी मानू नये. बोटीतल्या गार हवेने सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरूच नये. हे सगळे पाळून खाली गेल्यावर जे दिसते, त्यासाठी मी पुन्हा एवढाच प्रवास आनंदाने करीन.

पत्रकातला कार्यक्रम आणखी एका कारणाने धोकादायक होता: शेवटच्या दुपारी डुबकी आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. एका डुबकीनंतर किमान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून डुबकी सुरुवातीला ठेवावी आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढावी. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि कोल्हापूरला थेट विमान नसल्याने एक जोडणी चुकली की पुढचे सगळे कोसळते.

नील बेट आणि पोर्ट ब्लेअरजवळचा चिडिया टापू येथले दिवस सुखाचे गेले. त्यांविषयी सूचना करण्यासारखे काही नाही. सूर्य मात्र तेथे आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो, म्हणून पाण्यातली कामे सकाळीच उरकावीत. मगरीच्या सूचनेचा फलक असेल तेथे पाण्यात पाऊल घालू नये. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस गाठतो, तर मेच्या उत्तरार्धात मोसमी वारे अंदमानात पोहोचतात. जानेवारी ते एप्रिल हाच काळ धरावा आणि मुलांच्या परीक्षा संपताच निघावे.