टोचणीपेक्षा विचारपूस अधिक

लातूरमध्ये ॲलर्जी विभागात परिचारिका म्हणून काम करताना माझा निम्मा वेळ विचारपुशीतच जातो. ॲलर्जीच्या चाचणीत त्वचेवरील संशयित पदार्थाच्या थेंबातून हलकेच टोचल्यावर १५ ते २० मिनिटांनी गांध मोजायची असते. ज्याने एरवी गांध उठायलाच हवी, त्या हिस्टामिनच्या थेंबाखालीही ती उठली नाही, तर रुग्णाने ॲलर्जीची गोळी घेतली होती का, हे पुन्हा विचारावे लागते आणि पहाटेच्या एसटीने आलेल्या माणसाला ‘गोळी थांबवून पुढच्या आठवड्यात या’ असे सांगणे मला आजही जड जाते.

सोयाबीनच्या खुरपणीनंतर मानेवर आणि पापण्यांवर चट्टे घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत गाजरगवताचा संशय आधी येतो. हा त्वचादाह उशिरा उमटणारा असल्याने तेथे टोचणी उपयोगाची नसते; पाठीवर संशयित पदार्थाची पट्टी लावून ती ४८ तासांनी काढतात आणि ९६ तासांच्या सुमारास त्वचा पुन्हा पाहतात. मजुरी बुडवून पुन्हा यायला कोण तयार होणार, हा खरा पेच!

विभागातल्या संशोधनातील माझा वाटा मोजमापाचा आणि संमतिपत्राचा आहे. ‘नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचते, कारण रुग्णालयाच्या कागदावर अंगठा नाकारता येतो, यावर आमच्याकडे सहजासहजी विश्वास बसत नाही.