दांड्यावर बसलेला माणूस

घरातली सगळी झोपल्यावर सिनेमा बघायचा तर इअरफोन शोधावा लागतो. मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन लावला तर तेवढीही यातायात नाही. फक्त हसू दाबलं की पलंग हलतो, एवढीच अडचण.

परवा पुन्हा ‘द जनरल’ लावला. १९२६ सालचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेतली आगगाडी खरोखरच पळवली होती, त्यावर बेतलेला. नायक गुलामगिरीवाल्यांच्या बाजूचा आहे, हे मला दर वेळी खुपतं. सिनेमाला मात्र त्याचं काही नाही.

जॉनी ग्रे, म्हणजे कीटनच, इंजिनचालक. ॲनाबेल त्याची प्रेयसी. फौजेत घेतलं नाही म्हणून ॲनाबेल त्याच्याकडे पाठ फिरवते. जॉनी खिन्न होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हलतं. दांडा वर जातो, खाली येतो, तोही वर जातो, खाली येतो, आणि साहेबांना पत्ताच नाही! शेडमध्ये शिरता शिरता कुठे कळतं. चाक जागच्या जागी गरगरलं असतं तर कीटनच्या जिवावर बेतलं असतं. चेहरा मात्र दगडाचा.

तसंच ते लाकूड फोडणं. मागे अख्खी फौज माघार घेते, पाठोपाठ शत्रूची फौज येते, याची कुऱ्हाड आपली चालूच. मार्चअखेरीला आमच्या हिशेबनिसांकडे बघावं.

ॲनाबेलही कमी नाही. पुढे दोघं इंजिनात असताना जळणातलं एक लाकूड ती फेकून देते, का, तर त्याला भोक आहे! किडकं वांगं बाजूला सारावं तसं. मग भट्टीत टाकते एवढीशी काटकी. तो वैतागून तिच्या हातात त्याहून बारीक ढलपी देतो, तीही ती मनोभावे टाकते. तो तिचा गळा धरतो आणि लगेच मुका घेतो. संसाराबद्दल याहून जास्त काय सांगायचं?

शेवटाकडे जळका पूल येतो. ओरेगॉनमध्ये कॉटेज ग्रोव्हजवळ खरंखुरं इंजिन नदीत पाडलंय. ते तिथंच पडून राहिलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंगारात गेलं. सिनेमाही प्रदर्शित झाला तेव्हा आपटलाच. पण मी थांबतो तो उत्तरेच्या त्या सेनापतीसाठी. ‘पूल तेवढा जळलेला नाही’ म्हणत त्यानेच गाडी पुढे काढायला लावलेली असते. पुलासकट गाडी खाली गेल्यावर त्याचा चेहरा दिसतो.

पलंग हललाच.

“काय झालं हो?” झोपेतला आवाज.

“इंजिन पडलं. नदीत.”

“बरं,” म्हणून तिने कूस बदलली.