हमालाचं कार्य शून्य कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्हीच नाही, दरवर्षी कोणीतरी विचारतंच. सातवीत बल आणि कार्य शिकवायला घेतलं की आठवडाभरात प्रश्न हजर: "बाई, हमाल ५० किलोचं पोतं डोक्यावर घेऊन गाळ्यापासून ट्रकपर्यंत चालतो, घामाघूम होतो, आणि त्याने केलेलं कार्य शून्य? हे कसं?" मुलं वर्गात विचारतात, पालक सभेनंतर थांबून विचारतात. एका जुन्या विद्यार्थ्याने तर स्वतःच्या मुलीचा अभ्यास घेताना रात्री दहाला फोन केला होता.

पहिल्यांदा हा प्रश्न मला नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आला. शाळेच्या मागेच बाजार समितीचं आवार, आणि विचारणाऱ्या मुलाचे वडील तिथेच हमाल. मी फळ्यावर आकृती काढली. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन; इथे बल वरच्या दिशेने, विस्थापन आडवं, मधला कोन ९० अंश, म्हणून कार्य शून्य. "परीक्षेत शून्यच लिहायचं," असंही वर ऐकवलं. तो गुपचूप खाली बसला. माझं उत्तर बरोबरच होतं, फक्त त्याने विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

अर्धा घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे कार्य म्हटलं की लग्नकार्य, नाहीतर समाजकार्य. त्यातलं कोणतंही शून्य निघालं तर माणसाचा अपमानच व्हायचा. इंग्रजीतल्या आणि फ्रेंचमधल्या मुलांचीही यातून सुटका नाही, कारण तिथेही रोजच्या कामाचाच शब्द भौतिकशास्त्राने उचललाय. कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने १८२९ साली यंत्रांवरच्या पुस्तकात हा शब्द आजच्या अर्थाने वापरला. त्याच्यापुढे कोणी हमाल नव्हता, यंत्रं होती.

ही मोजणी यंत्रांसोबतच वाढली. १७१२ पासून इंग्लंडमधल्या खाणींत साचलेलं पाणी उपसायला न्यूकमेनची वाफेची इंजिनं लागू लागली. पुढे जेम्स वॉटने सुधारलेलं इंजिन विकताना त्याची ताकद घोड्यांच्या हिशेबात सांगितली. अशा इंजिनाचं मोल करायचं तर एकच गोष्ट बघायची: किती वजनाचं पाणी किती उंच आलं. आपल्या मोटेवर हेच लावून बघा. १०० लिटरची मोट १० मीटर वर आली, की ९,८०० ज्यूल कार्य (ज्यूल हे कार्य आणि ऊर्जा मोजायचं एकक). बैल धावेवर नुसते जू ताणून उभे राहिले, त्यांच्या तोंडाला फेस आला, तरी पाटात थेंब नाही. त्या वेळेपुरतं पाण्यावरचं कार्य शून्य. बैल दमले नाहीत असं यात कोणीच म्हणत नाही.

म्हणून मी आता फळ्यावर दोन वह्या आखते. एक पोत्याची, एक हमालाची.

पोत्याची वही सोपी. जमिनीवरून दीड मीटर उचललं: ५० किलो गुणिले गुरुत्वत्वरणाचे ९.८ गुणिले १.५ मीटर, म्हणजे ७३५ ज्यूल जमा. ते खरोखर जमा होतात. उंच थप्पीवरचं पोतं सुटून खाली आलं की हेच ज्यूल गती होऊन परत येतात आणि शिवण उसवते. दीड मीटरवरून पडलं तरी खाली टेकताना वेग सेकंदाला पाच मीटरच्या वर गेलेला असतो. सपाटीवरून चालत नेलं तर पोतं जेवढ्या उंचीवर निघालं तेवढ्याच उंचीवर पोचलं. निघताना त्याला थोडा वेग दिला, थांबताना तो काढून घेतला. जमा काही नाही. पुस्तकातलं शून्य म्हणजे या वहीतली ही ओळ. (आडव्या अंतराचीही हमाली मिळते. त्या बाबतीत बाजार पुस्तकापेक्षा शहाणा.)

आता हमालाची वही. इथे मी एक लिटर पाण्याची बाटली देते आणि हात सरळ समोर धरून उभं राहायला सांगते. पहिला मिनिट शेखी मिरवण्यात जातो. मग खांदा भरून येतो, बाटली थरथरायला लागते. तीच बाटली टेबलावर ठेवली तर टेबल ती दिवसभर धरून ठेवतं, न खाता न पिता. बाटलीवर कार्य दोघांनीही केलेलं नाही. मग दमला फक्त हातच का?

कारण स्नायू टेबलासारखा घट्ट होऊन बसत नाही. त्याच्या आत मायोसिन आणि ॲक्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. मायोसिनची टोकं ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. अशा प्रत्येक फेरीला एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च होतं; म्हणजे शेवटी खाल्लेलं अन्नच. बाहेरून हात स्थिर दिसतो. आत मात्र प्रवाहाविरुद्ध वल्हवत होडी जागच्या जागी ठेवल्यासारखा प्रकार चालू असतो. त्या खर्चाची उष्णता होते, आणि घाम त्या उष्णतेचा.

मुलांना आकडे आवडतात, म्हणून चहात पडणारी साखर घेते. चमचाभर, पाच ग्रॅम धरा. तिच्यातून शरीराला साधारण २० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ८४ हजार ज्यूलच्या आसपास. ७३५ ने भागलं की ११४ पोती! वर्ग हसतो. एका चमच्यात अख्खा ट्रक भरला म्हणून कोणीतरी ओरडतंच. मग सांगते, स्नायूला त्यातला फार तर चौथा-पाचवा हिस्सा उचलण्यात उतरवता येतो, बाकीची उष्णता. राहिली पंचवीसेक पोती. त्यात दर वेळी वाकून उठताना हमाल स्वतःचं अंगही उचलतो, ते कोणत्याच पावतीवर लागत नाही. वर धरून ठेवण्याचा खर्च वेगळाच.

आणि सपाटीवरचं चालणंही तितकंसं सपाट नसतं. प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर जातं, थोडं खाली येतं. पोतं चारच सेंटिमीटर वर गेलं तरी पावलामागे २० ज्यूल होतात, आणि खाली येताना ते सगळेच काही परत मिळत नाहीत. यावर एक सुंदर अभ्यास आहे. केनियातल्या लुओ आणि किकुयू जमातींच्या बायका ओझं वाहताना किती प्राणवायू वापरतात, ते मोजून त्याचे निष्कर्ष १९८६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापले गेले. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं त्या जवळजवळ जादा खर्चाशिवाय वाहत होत्या. पुढच्या संशोधनात कारणही सापडलं: लंबकासारखी त्यांची चाल ओझ्यामुळे आणखी सुधारते, वर-खाली होण्यातली ऊर्जा पुढच्या पावलाला जास्त कामी येते. आमच्या आवारातलं पोतं मात्र वीस टक्क्यांचं नाही. ते हमालाच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जातं. तिथे चालीची कितीही करामत केली तरी किंमत मोजावीच लागते.

मला खटकतं ते शून्य नाही, उदाहरण आहे. पुस्तकातला हमाल फक्त सपाटीवर चालतो. खरा हमाल आकड्याने पोतं ओढतो, पाठीवर घेतो, फळी चढून हौद्यात जातो, थप्पी लावतो. यातल्या बहुतेक ओळी पोत्याच्या वहीतही शून्य नाहीत. नेमकी शून्याची तेवढी उचलून मुलांपुढे ठेवायची, म्हणजे प्रश्न येणारच.

मागच्या वर्षी एका मुलीने त्याच्याही पुढचं विचारलं. "बाई, मग दमणं कशात मोजायचं?" मी म्हटलं, श्वासात. एक लिटर प्राणवायू वापरला की शरीराने साधारण २० हजार ज्यूल खर्च केले असं धरतात. मधल्या सुट्टीत सगळी पोरं दप्तरं घेऊन जिना चढत-उतरत श्वास मोजत बसली, आणि शिपाईमामांनी माझ्याकडे तक्रार केली.

तेव्हा परीक्षेत शून्यच लिहा. पुढे 'पोत्यावर' एवढा एक शब्द लिहिलात, तर पेपर माझ्याकडे असल्यास अर्धा गुण जास्त.