फाटकावरची पिशवी

परवा दुपारी पोदेर, म्हणजे आमचा सायकलवरचा पाववाला, पुन्हा निसटला. हुमण-भात अंमळ जास्तच झाला होता, वर पंखा, छातीवर उघडं बायबल. उघडं होतं तेही नेमकं मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायावर. गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करतोय आणि त्याचे शिष्य पेत्र, याकोब, योहान ढाराढूर. तीनदा येऊन बघतो, तीनदा तेच. ‘जागृत राहा’ एवढं वाचल्याचं मला आठवतं. जाग आली तेव्हा हॉर्नचं पों पों वळणाच्या पलीकडे गेलं होतं.

पेत्राचा मला कधी राग आला नाही. वल्हांडण सणाचं जेवण अंगावर आलेलं, त्यात रात्र. आमच्या गोव्यातल्या कुडचड्यात दुपारी तीन वाजता त्याला झावळ्यांच्या सावलीत बसवला असता, तर येशू सातदा आला असता तरी हा उठला नसता.

खटकते ती दुसरीच गोष्ट. प्रभूच्या येण्याला शास्त्रात चोराची उपमा आहे. चोर कोणत्या प्रहरी येईल ते घरधन्याला कळलं असतं तर तो जागा राहिला असता, वगैरे. पण चोर कधी हॉर्न वाजवत येतो? त्यापेक्षा पोदेर बरा. निदान येतोय हे तरी सांगतो.

बाबा खाणीच्या नोकरीसाठी नगरहून इथे आले. ‘ख्रिस्ती, आणि घरात मराठी?’ असं कुणी विचारलं की बाबांना चेव यायचा. १६१६ साली इथेच राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं, तेही मराठी ओवीत, आम्ही कसले नवे! समोरचा बिचारा दुधाची पिशवी घेऊन उभा. संध्याकाळी आमच्याकडे ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’, भिंतीपलीकडे आंटीकडे तेच कोकणीत, ‘आमचो दिसपट्टो गिरास’. सकाळी दोन्ही घरांत उंडेच यायचे. आजी नगरहून आली की ज्वारीचं पीठ सोबत आणायची. प्रार्थनेत भाकर म्हणायचं आणि खायचा पाव, हे तिला पटत नसे.

आई रात्री झोपताना फाटकाला कापडी पिशवी अडकवायची. आत रुमालाच्या गाठीत नाणी. पहाटे पोदेर यायचा, सायकलच्या पाटीवरचं निळं प्लास्टिक बाजूला सारून मोजून उंडे टाकायचा, नाणी घ्यायचा. शुक्रवारी दोन पोयी जास्त, कारण बाबांना कोंड्याची पोयी आवडायची. या व्यवहाराला माणसाची गरजच नव्हती. तरी आई पाचला उठून खिडकीशी बसायची, ओठ पुटपुटत. मी एकदा विचारलं, तो टाकूनच जातो ना, मग उठतेस कशाला?

“कावळा नेतो गं,” ती म्हणाली. “द्यायचं काम त्याचं. हाकलायचं माझं.”

ती हे पोदेराबद्दल बोलत होती की कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही. शाळेची घाई होती.

२०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. आमच्या रस्त्यावरून दिवसभर धावणारे मातीचे ट्रक एकदम थांबले. तुळशीच्या पानांवर वर्षानुवर्षं बसलेली लाल धूळ त्या पावसात धुतली गेली आणि पानं हिरवी असतात हे आंटीला नव्याने कळलं, असं तीच हसत सांगायची. बाबांचा पगार आधी अर्धा झाला, मग नाहीच. दुसऱ्या महिन्यात रुमालाच्या गाठीतली नाणी संपली.

आईने पिशवी लावली. रिकामी.

बाबा भडकले. “पैसे नाहीत तर पिशवी कशाला? भीक मागायची का?” आई काही बोलली नाही. सकाळी पिशवीत उंडे होते, नेहमीइतकेच. आई धावत फाटकाशी गेली तर तो पॅडल मारता मारता म्हणाला, “मागीर दी, बाये.” तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने ४ लिहिलं. मग रोज ४. नाताळच्या दिवशी ६.

त्या दिवसांत एका पहाटे मला हॉर्नआधीच जाग आली. खिडकीशी आई नव्हती, ताप होता तिला. बाहेर बारीक पाऊस. फाटकाशी बाबा उभे, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पिशवी अडकवायची सोडून दोन्ही हातांत धरलेली. पोदेर आला, उंडे टाकले, दोघं काही बोलले नाहीत. बाबा मात्र तो गेल्यावरही तसेच उभे. मी हाक मारणार होते, मारली नाही.

पुढच्या वर्षी बाबांना लहानशी नोकरी लागली तेव्हा आई जुनं कालनिर्णय काखेत घेऊन हिशेब करायला गेली. पोदेर म्हणाला, “म्हाका याद ना.” ती म्हणाली, मला आहे. सगळे पैसे तिने मोजून दिले, सुट्ट्यांत.

आता आई नाही. पोदेरही दुसरा आहे, त्याच्या सायकलला मोटरसायकलीचा कर्कश हॉर्न. पिशवी मी लावते, उठणं जमत नाही. काल सकाळी साडेसातला गेले तर चारचे तीनच उंडे आणि कापडाला चोचीएवढं भोक.

शिवायला हवं.